ट्राउटचा परवाना आणि नदीची नोंदवही

नदीत किंवा तलावात मत्स्यबीज सोडणे हे सरकारी कामकाजातील एक बिनतक्रारीचे काम समजले जाते. भूसंपादनाचा तंटा त्यात नाही, अतिक्रमण हटविताना ओढवणारा रोष नाही. मान्यवर काठावर उभे राहून पिशवी रिकामी करतात, बोटुकली क्षणभर चमकून पाण्यात दिसेनाशी होते आणि वर्षअखेरीच्या अहवालात अमुक लाख मत्स्यबीज सोडल्याचा आकडा नोंदला जातो. सेवाकाळात अशा अनेक समारंभांना मी उपस्थित राहिलो आणि असे अनेक अहवालही वाचले. त्यांत एक रकाना मला कधी आढळला नाही. हे बीज सोडण्यापूर्वी त्या पाण्यात कोणते मासे होते, हा तो रकाना.

या रकान्याचे महत्त्व समजून घ्यायचे असेल, तर भारतातील ट्राउट माशाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेली, विशेषतः दिल्ली-चंदीगडकडची मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलू, बंजार, सांगला किंवा पहलगामकडे वळतात. तेथे नदीकाठी गळ टाकून बसलेले हौशी लोक दिसतात, खानावळीत ट्राउट मिळतो, आणि हा मासा देवदाराइतकाच हिमालयाचा आहे अशी आपली समजूत होते. वस्तुतः हिमालयाच्या प्रवाहांत ट्राउट मुळात नव्हता. त्यातील ब्राउन ट्राउट युरोपातला आणि रेनबो ट्राउट उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यांकडे उतरणाऱ्या नद्यांतला. दोघेही माणसाच्या हातून, तेही बहुतांशी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, येथे आले.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मनुष्य जगात जेथे जेथे गेला, तेथे तेथे त्याने आपल्या देशातील ओढ्यांतला मासा नेण्याचा प्रयत्न केला. अडचण प्रवासाची होती. जिवंत मासा विषुववृत्त ओलांडून नेणे जवळपास अशक्य होते. त्यावर तोडगा असा निघाला की, फलित अंड्यांत पिल्लाचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसू लागले की ती ओल्या शेवाळात गुंडाळावीत आणि बर्फाच्या थंडाव्यात ठेवावीत. थंडीमुळे अंड्याची वाढ मंदावते आणि प्रवासासाठी काही आठवडे हाती मिळतात. १८६४ मध्ये याच पद्धतीने इंग्लंडमधील ट्राउटची अंडी टास्मानियापर्यंत पोचली.

भारतात पहिले प्रयत्न नीलगिरीत झाले. डॉ. फ्रान्सिस डे हे मद्रास सेवेतील शल्यचिकित्सक होते आणि भारतीय माशांवरील त्यांचे ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतात. त्यांनी १८६३ मध्ये उटकमंडच्या ओढ्यांत ट्राउट आणण्याचा खटाटोप केला. तो फसला. त्यानंतरचे प्रयत्नही दीर्घकाळ यशस्वी झाले नाहीत. यश येण्याच्या कितीतरी आधी, १८७९ मध्ये, मद्रास सरकारने नीलगिरीतील शिकारीचे प्राणी आणि मासे यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मात्र केला. मासा येण्याआधी कायदा आला, असे म्हणावयास हरकत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन या तज्ज्ञाची मद्रास सरकारने नेमणूक केली, त्यानंतर नीलगिरीत रेनबो ट्राउट स्थिरावला आणि अ‍ॅव्हलांच येथे त्याचे उबवणी केंद्र उभे राहिले.

काश्मीरची कथा अधिक प्रसिद्ध आहे. श्रीनगरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल हे स्कॉटिश गृहस्थ या कामात पुढे होते. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८९९ मध्ये भेट म्हणून पाठविलेली सुमारे १०,००० अंडी वाटेतच नष्ट झाली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती टिकली. महाराजा प्रतापसिंहांच्या दरबाराचा पाठिंबा होता, दाचीगामचे थंड पाणी हाताशी होते, पुढे हारवान येथे उबवणी केंद्र झाले आणि मिचेल संस्थानाच्या मत्स्यविभागाचे प्रमुख झाले. हा सारा वृत्तांत त्यांनी १९१८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहून ठेवला.

काश्मीरमधून हा मासा कुलूला गेला. कुलू हा तेव्हा पंजाब प्रांतातील कांगडा जिल्ह्याचा उपविभाग होता. आपल्याकडील प्रांताधिकाऱ्याशी तुलना करता येईल असे पद तेथे असिस्टंट कमिशनरचे होते आणि त्या पदावर जी. सी. एल. हॉवेल हे आयसीएस अधिकारी होते. त्यांनी १९०९ मध्ये काश्मीरमधून ट्राउटची अंडी आणवून कटराईंजवळ महिली येथे उबवणी केंद्र सुरू केले. बियास आणि तिच्या उपनद्यांत ब्राउन ट्राउट पसरला तो तेथून. एखाद्या उपविभागातील अधिकाऱ्याची आवड किती दूरवर परिणाम करू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे. हॉवेल यांची बदली झाली, साम्राज्य गेले, कांगडा जिल्ह्याची फेररचना झाली, पंजाबचे विभाजन झाले, हिमाचल प्रदेश हे राज्य झाले. मासा मात्र राहिला.

याच काळात भारतातील अधिकाऱ्यांचा एक वेगळा वर्ग माशांकडे निराळ्या दृष्टीने पाहत होता, हेही नमूद केले पाहिजे. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर राहिलेले हेन्री सलिव्हन थॉमस हे गळाने मासे धरण्याचे मोठे शौकीन होते. १८७३ मध्ये त्यांनी त्या विषयावर लिहिलेले पुस्तक हौशी लोकांत फार गाजले. पण त्यांनी लक्ष घातले ते येथल्याच महसीर माशात, आणि बारीक विणीच्या जाळ्यांनी पिल्लांचा होणारा संहार हा लोकांच्या अन्नाचा प्रश्न आहे हे त्यांनी सरकारला सांगितले. त्याच वर्षीच्या अहवालात डॉ. डे यांनीही गोड्या पाण्यातील माशांच्या नाशाकडे लक्ष वेधले. या विचारातून पुढे १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा झाला. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास त्याने बंदी घातली. पुढे सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९०७ मध्ये मद्रासचा मत्स्यविभाग उभा राहिला. शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्यांवरील अहवालामुळे निकल्सन हे नाव आपल्याला परिचित आहे. त्यांचे लक्ष समुद्रकिनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या उपजीविकेवर होते. विल्सन यांचे ट्राउटचे काम त्याच विभागात चालत होते. म्हणजे एकाच विभागात एकीकडे गरिबाच्या ताटातील मासा आणि दुसरीकडे साहेबाच्या सुट्टीतील मासा, असे दोन्ही विषय शेजारी शेजारी नांदत होते.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. ट्राउट येण्यापूर्वी हिमालयाच्या प्रवाहांत कोण राहत होते? मुख्यतः स्किझोथोरॅक्स या वंशाचे मासे. गढवाल-कुमाऊँत त्याला असेला म्हणतात. इंग्रजांनी त्याला ‘स्नो ट्राउट’ असे नाव दिले, पण त्याचा ट्राउटशी काहीही संबंध नाही. तो रोहू-कटल्याच्या, म्हणजे कार्पच्या कुळातला. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते आणि दगडावरचे शेवाळ खरवडून तो जगतो. गळाला झुंज देणारा मासा म्हणून त्याची ख्याती नाही. उलट ब्राउन ट्राउट हा शिकारी मासा आहे. किडे, अळ्या आणि लहान मासे हे त्याचे खाद्य. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) असेल्याची एक प्रमुख जात संकटप्रवण ठरविली आहे. धरणे, वाळू-दगडाचा उपसा, बेसुमार मासेमारी ही कारणे आहेतच, पण ब्राउन ट्राउटचे आगमन हेही त्यांतील एक कारण मानले जाते. त्याच संघाच्या तज्ज्ञगटाने २००० मध्ये जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवजातींची यादी केली, तीत ब्राउन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट आहेत.

मागे एका मे महिन्यात आम्ही सहकुटुंब बंजारजवळ तीर्थन नदीकाठी आठ दिवस राहिलो होतो. मुलाच्या आग्रहास्तव एका दिवसाचा परवाना घेतला. परवान्यावर अटी छापलेल्या होत्या. फक्त गळ आणि काठी वापरायची, जाळे नाही, दिवसाला ठरावीक संख्येहून अधिक मासे न्यायचे नाहीत, लहान मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. हिवाळ्यात, म्हणजे ब्राउन ट्राउट अंडी घालतो त्या महिन्यांत, मासेमारी पूर्ण बंद. मुलाने दिवसभरात एक ट्राउट पकडला, तोही लहान निघाला म्हणून सोडून द्यावा लागला. पाठीवर काळे आणि अंगावर लाल ठिपके असलेला तो मासा हातातून निसटून खडकाखाली गेला तेव्हा मुलाला वाईट वाटले आणि मला बरे वाटले.

आमच्याबरोबर आलेल्या वयस्क मत्स्यरक्षकाशी गप्पा मारताना मी त्यांना विचारले, “पूर्वी येथे कोणता मासा असे?” ते म्हणाले, “बाबूजी, देसी मछली. आजोबा सांगायचे, टोपलीभर मिळायची. आता खालच्या अंगाला दिसते कधीमधी.” मी विचारले, “त्याची कुठे नोंद आहे का?” ते हसले. “नोंद परवान्याची असते, बाबूजी.” परवान्यासोबत पकडलेल्या माशांची माहिती भरून देण्याचा एक तक्ता होता. तो भरून दिला की पुढे त्याचे काय होते, हे त्यांनाही सांगता आले नाही.

परंतु याच तीर्थनची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास न्याय्य होणार नाही. हिमाचलच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या नदीवर जलविद्युत प्रकल्प आले. बोगद्यातून पाणी वळविले की खालचा प्रवाह मैलोगणती कोरडा पडतो, आणि धरणाखाली किमान १५ टक्के पाणी सोडण्याची अट घालूनही ती पाळून घेणे ही स्वतंत्र लढाई असते. तीर्थनच्या खोऱ्यातही लहान प्रकल्प प्रस्तावित झाले. स्थानिक लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नदी मोकळी राहिली. या संघर्षात एक महत्त्वाचा मुद्दा होता ट्राउटचा. ही राखीव मासेमारीची नदी आहे, येथे परवाने विकले जातात, त्यावर पर्यटन उभे आहे, हे कागदावर दाखविता येत होते. असेल्याच्या नावावर दाखविण्यासारखा असा कागद नव्हता. ज्या परक्या माशाने तेथल्या माशाला मागे रेटले, त्यानेच दोघांचीही नदी वाचविण्यास हातभार लावला, असे हे विचित्र वास्तव आहे. २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून ही नदी उगम पावते.

शिवाय ट्राउट आता साहेबांचा राहिलेला नाही. १९८० च्या दशकात युरोपीय आर्थिक समुदायाच्या साहाय्याने काश्मीरमध्ये कोकरनाग येथे, आणि त्यानंतर नॉर्वेच्या साहाय्याने कुलूजवळ पतलीकुहल येथे आधुनिक ट्राउट केंद्रे झाली. आज ओढ्याचे पाणी सिमेंटच्या हौदांत खेळवून रेनबो ट्राउट वाढविणारी शेकडो डोंगरी कुटुंबे आहेत. जुलै २०२३ च्या पुराने कुलू-मंडीत असे अनेक हौद वाहून गेले, तेव्हा नुकसान झाले ते छोट्या शेतकऱ्यांचे. म्हणून ‘परका मासा हाकलून द्या’ असा सोपा निवाडा मला मान्य नाही. तो व्यवहार्यही नाही.

हा प्रश्न केवळ वसाहतींचा आहे असेही नाही. माझ्या वाचकांपैकी काही जण अमेरिकेत आहेत. टेनेसी राज्यातील ग्रेट स्मोकी पर्वतात ते सुट्टीत जात असतील. तेथील नद्यांत ट्राउट आणि स्मॉलमाउथ बास हे दोन्ही मासे गळाला लागतात. त्या राष्ट्रीय उद्यानातील अब्रॅम्स क्रीक या प्रवाहात १९५७ मध्ये सरकारी यंत्रणांनी मुद्दाम रोटेनोन हे विष सोडले. उद्देश हा की, ‘निरुपयोगी’ मासे मरावेत आणि रेनबो ट्राउटच्या उत्तम शिकारीसाठी पाणी मोकळे व्हावे. आपल्या १८९७ च्या कायद्याने प्रजेला जे करण्यास मनाई केली, ते तेथे सरकारनेच केले. मेलेल्या माशांत बोटभर लांबीचा एक मार्जारमीन सापडला. अभ्यासाअंती ती विज्ञानाला अज्ञात असलेली जात निघाली आणि १९६९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा ती नष्ट झाली असे समजले जात होते. १९८० मध्ये शेजारच्या खोऱ्यातील एका ओढ्यात ती पुन्हा आढळली आणि १९८६ पासून अब्रॅम्स क्रीकमध्ये तिला परत आणण्याचे काम सुरू झाले. आज तेच उद्यान काही निवडक ओढ्यांतून रेनबो ट्राउट काढून तेथील मूळच्या ब्रूक ट्राउटला जागा करून देत आहे.

आणि परका मासा म्हणजे परदेशीच असेही नव्हे. येथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील माशांची पाहणी केली आणि १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका महसीरचे वर्णन प्रसिद्ध केले. स्थानिक मराठी नावावरून त्यांनी त्याला ‘खुद्री’ हे जातिनाम दिले. आज तो टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. धरणांमुळे आणि प्रदूषणामुळे तो कमी होत चालला, तेव्हा महाराष्ट्राचे निवृत्त मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या जलाशयावर त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. हे मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच काम आहे. या केंद्रातील बोटुकली देशभर गेली, आणि कावेरीतही सोडण्यात आली.

कावेरीत मात्र आधीपासून एक महसीर होता. पाठीला उंचवटा असलेला, मनुष्याच्या वजनाशी बरोबरी करू शकणारा, जगभरच्या गळवाल्यांनी ज्याच्यासाठी दक्षिण भारत गाठला तो हाच. हौशी लोकांच्या मुक्कामाच्या तळांवर दर दिवशी पकडून सोडलेल्या माशांची वही ठेवली जात असे. गालिबोरे येथील तळाच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा असे दिसले की निळसर पराचा खुद्री वाढत गेला आणि कावेरीचा मूळ महसीर जवळपास दिसेनासा झाला. विशेष म्हणजे तोवर त्या माशाला निश्चित शास्त्रीय नावही लाभले नव्हते. २०१८ मध्ये तो टॉर रेमादेवी असल्याचे ठरले आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. मासा सोडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांनी सोडलेला मासाही भारतीय, किंबहुना स्वतःच संकटात असलेला. चूक एवढीच की, महसीर म्हणजे महसीर असे मानले गेले आणि या नदीतला महसीर कोणता हे पाहिले गेले नाही.

ही गोष्ट उघडकीस आली ती हौशी लोकांच्या वहीमुळे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रशासनात आपण सर्वेक्षणासाठी निधी नाही अशी तक्रार करतो. पण हजारो लोक पैसे देऊन, दिवसच्या दिवस पाण्यात उभे राहून, जे सर्वेक्षण करतात, त्याची कागदपत्रे तालुक्याच्या कार्यालयात गठ्ठ्यात पडून असतात.

यातून तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, कोणत्याही वाहत्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याच्या प्रस्तावाला त्या पाण्यातील सध्याच्या माशांची नोंद जोडलेली असावी, नसेल तर मंजुरी मिळू नये. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन परक्या उपद्रवी जातींची तरतूद आली, ती आयात-व्यापारापुरती न राहता एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेल्या जाणाऱ्या माशांच्या बाबतीतही हा विचार रुजला पाहिजे. दुसरी, परवान्यासोबतच्या तक्त्यात देशी माशांसाठी रकाना असावा, आणि दरवर्षी त्या तक्त्यांची बेरीज करून ती प्रसिद्ध व्हावी. तिसरी, प्रत्येक खोऱ्यात ट्राउट अद्याप न पोचलेले दोन-चार ओढे शोधून ते असेल्यासाठी राखून ठेवावेत. तेथे ट्राउटचे बीजही जाऊ नये आणि ट्राउटचा हौदही होऊ नये.

चौथी गोष्ट लोकांनी केव्हाच केलेली आहे. मंडी जिल्ह्यात जोगिंदरनगरजवळ मछियाल येथे देवाचे म्हणून महसीर राखले जातात. आपल्या रायगड जिल्ह्यात महाडकडील वाळणकोंडीतही देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. तेथे ना परवाना आहे, ना दंडाची तरतूद. तरीही त्या डोहात कोणता मासा आहे आणि तो कोणाचा आहे, हे गावातील प्रत्येकाला ठाऊक असते. सरकारी अहवालातील तो कोरा रकाना त्या गावांनी आपल्या रीतीने भरून ठेवला आहे. पुढच्या सुट्टीत आपण डोंगरात गेलात आणि गळ टाकलात, तर तक्ता अवश्य मागून घ्या, मिळालेला प्रत्येक मासा, देशी असो वा परका, त्यात लिहा आणि तो कार्यालयात भरून द्या. तो कोणी वाचावा यासाठी मग आम्हा प्रशासनातील लोकांना धारेवर धरण्याचा अधिकारही आपल्याला राहील.